तिसरा कंद

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. बेहालातल्या आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, त्यात मराठी आम्ही एकटेच. तरी मी कधी चिडले आहे हे बाराही बिऱ्हाडांना बरोबर कळतं. नवरा बँकेत अधिकारी. त्याच्या बदल्यांमागे पाच शहरं फिरून आम्ही कोलकात्यात आलो. लेक पुण्याला शिकायला गेली आणि दिवसभर घरात मी आणि माझा आवाज एवढेच उरलो. भाजीवाल्याशी मी मोडक्या बंगालीत बोलते, शेजारणीशी बऱ्यापैकी हिंदीत. पण मनासारखं भांडायचं तर आपलीच भाषा लागते, आणि नवरा संध्याकाळी इतका दमून येतो की भांडणात त्याच्याकडून काही मिळत नाही.

म्हणून अण्णा आले तेव्हा मला खरंच आनंद झाला. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या घरात. सासूबाई गेल्यापासून जुन्नरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या गावात एकटे राहायचे. मागच्या थंडीत अंगणात पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून होते. हे ऐकल्यापासून नवऱ्याचं कशात लक्ष लागेना. चैत्रात तो गेला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. लेकीची रिकामी खोली आम्ही त्यांना दिली.

येताना त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कंद आणले होते. करटोलीचे. त्यांच्या बांधावर पावसाळ्यात हा वेल आपोआप वर येतो, आणि लिंबापेक्षा लहान, काटेरी, हिरवीगार करटोली धरतात. "परसात लावा कुठंतरी," असं म्हणून त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. आमचं परस म्हणजे पहिल्या मजल्यावरची दोन हात रुंद बाल्कनी. समोरची इमारत इतकी जवळ की तिथल्या बाईंनी फोडणी घातली की ठसका मला लागतो. उन्हाचा पत्ता नाही. गच्ची आहे, पण तिला कुलूप, आणि किल्ली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सेक्रेटरीबाबूंकडे. कुणाच्या तरी कुंड्यांमुळे एकदा छत गळलं होतं, तेव्हापासून गच्चीवर झाड न्यायचं नाही असा सोसायटीचा ठराव आहे. अण्णांनी हे सगळं हिंडून पाहिलं आणि पुडी परत पिशवीत ठेवली.

"राहू दे. जाताना घेऊन जाईन."

"जाताना म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गावी जाताना. इथं काय कायमचा राहायला आलोय का मी?"

मी त्यांच्या समाधानासाठी बाजारातून काकरोल आणले. बंगालमध्ये करटोलीची ही थोरली बहीण सर्रास मिळते. अण्णांनी एक फळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. "करटोलीचं पोट सुटलंय गं," ते म्हणाले. भाजी दोन घास खाल्ली आणि ताटाच्या कडेला सारली. "जिथं करटोली येत नाहीत तिथं माणसानं कसं राहायचं?"

"इथेही येतील," मी म्हटलं.

"या घरात?"

"याच घरात."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. "मग ऐक. या घरात करटोलीचा वेल लाव. दसऱ्याच्या आत त्याची भाजी माझ्या ताटात पडली तर मी गावचं नाव काढणार नाही. नाही पडली तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत. आणि वेल कसा वाढवायचा ते मी काही सांगणार नाही. पैज म्हणजे पैज."

नवरा पंच झाला. एकीकडे वडील आणि दुसरीकडे बायको अशी पैज लागल्यावर शहाण्या माणसानं करायचं तेच त्यानं केलं, म्हणजे वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मी आयुष्यात कोथिंबिरीपलीकडे काही लावलेलं नव्हतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. दुसऱ्याच दिवशी तीन कुंड्या आणल्या, माती आणली, कंद पुरले. मग सुरू झालं पाणी. सकाळी पाणी, दुपारी उकडतंय म्हणून पाणी, संध्याकाळी अण्णा बघताहेत म्हणून पाणी. आठवडा गेला, कोंब दिसेना. मी बोटानं माती उकरून पाहिलं. दोन दिवसांनी परत उकरलं. एका कंदाला तर मी इतक्या वेळा बाहेर काढून पाहिलं की शेवटी तोच कंटाळला असावा. तिसऱ्या आठवड्यात तो हाताला मऊ लागला आणि त्याला कुजका वास यायला लागला. तीनपैकी सगळ्यात मोठा होता तो. मी चडफडत त्याला कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

"अति तिथे माती," अण्णा दारातून म्हणाले.

"तुम्ही काही सांगणार नव्हतात ना?"

"हे मी सांगितलं नाही. हे सगळ्यांनाच माहीत असतं."

उरलेले दोघे मात्र ज्येष्ठात उगवले. तांबूस कोंब मातीतून वर आले तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारायला आलं. बाल्कनीत ऊन नाही म्हणून कुंड्या अण्णांच्या खोलीत आणल्या, लेकीच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी. झाडांसाठीचा जांभळा दिवा मागवला. माहितीपत्रकात लिहिलं होतं की दिवा रोपापासून हातभर लांब ठेवा. मी म्हटलं, जवळ ठेवला तर जास्त वाढेल. चार दिवसांत वरची पानं कडेनं करपून पापडासारखी झाली. अण्णा कॉटवर बसून पाहत होते. त्यांच्या मिशीत हसू दिसत होतं. मी दिव्यावर चिडले, कुंभारावर चिडले, कंपनीवर चिडले, आणि मग दिवा गुपचूप हातभर वर टांगला.

वेल सावरले. पण मला घाई. कुणीतरी सांगितलं, मोहरीची पेंड पाण्यात कुजवून घाला. सांगणाऱ्यानं आठवड्यातून एकदा वाटीभर म्हटलं होतं. मी बादली भरली आणि एक दिवसाआड मगानं घातली. त्या पेंडीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. जिन्यात वास, बोळात वास, नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाला वास. आणि संध्याकाळ झाली की आमच्या खिडकीतून रस्त्यावर जांभळा उजेड.

एका रविवारी दारावर सेक्रेटरीबाबू आले. निवृत्त गृहस्थ, पांढरा कुर्ता, चष्मा दोरीला बांधलेला. मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणतात. आत येऊन बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"बौदी, बुरा मत मानिए. लोग बोल रहे हैं कि आपके घर में गांजा लगा है."

मी उडालेच. आयुष्यात सुपारी न खाणारी मी! बँक अधिकाऱ्याचं घर! माझा आवाज चढला तसे ते आणखी ओशाळले. बंद खोली, जांभळा दिवा, उग्र वास, असं एकेक ते बोटांवर मोजून सांगायला लागले. त्यांच्या भाच्यानं म्हणे कुठेतरी पाहिलं होतं की लोक घरात गांजा असाच वाढवतात. खरं सांगायचं तर एकेक बोट बरोबर होतं. मी त्यांना हाताला धरून थेट अण्णांच्या खोलीत नेलं.

अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. सेक्रेटरीबाबूंनी चष्मा लावला, वाकून वेलाकडे पाहिलं, एक पान चोळून हुंगलं, पडद्याच्या दांडीवर चढलेले तंतू पाहिले. "ए तो काकरोल!" ते म्हणाले, आणि मग असे हसायला लागले की त्यांना कॉटवर बसावं लागलं. "घरेर मोध्ये काकरोल!" अण्णाही हसायला लागले. मी तेवढी कमरेवर हात ठेवून उभी, कारण ते काकरोल नव्हते, करटोली होती, आणि हे मी त्यांना तीन भाषांत सांगितलं.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. अण्णांचं हिंदी दहा शब्दांचं, सेक्रेटरीबाबूंना मराठीचा गंध नाही, तरी दोघे तासन् तास बोलत बसत. अण्णा रोज संध्याकाळी "बाबूकडे चहाला जातो" म्हणून वर जायचे. मला बरं वाटायचं. मनात म्हणायचे, माणसं जोडली की पाय निघत नाही.

वेल मात्र हट्टाला पेटले होते. पेंडीनं पानं तळहाताएवढी, काळीशार. सगळी खोली हिरवी झाली, पण फुलाचं नाव नाही. मी दिवा आणखी वेळ लावू लागले. पहाटेपासून रात्री दहापर्यंत. एक दिवस अण्णांनी दिवेलागणीला उठून बटण बंद केलं.

"मला त्या उजेडानं झोप लागत नाही."

"सात वाजलेत! एवढ्यात कोण झोपतं?"

"मी झोपतो," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रोजचंच झालं ते. मला वाटलं, पैज जिंकायला म्हातारा काय काय करील! चिडून मी पेंडीची बादलीही टाकून दिली. म्हटलं, घालायचंच नाही काही.

आणि श्रावणात कळ्या दिसल्या.

पहिली कळी उमलली ती संध्याकाळी. करटोलीचं फूल दिवस मावळताना उमलतं हे मला कुठे माहीत! मी दिवाबत्ती करत होते तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, पातळ, आणि मंद कस्तुरीसारखा वास. मी नवऱ्याला फोन केला, लेकीला फोटो पाठवला, देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी तीन फुलं, चौथ्या दिवशी दहा. मी करटोली कशी चिरायची, मसाला कोणता, सगळं ठरवून ठेवलं. फुलं दुसऱ्या दिवशी मिटायची आणि गळायची. मी म्हटलं, सुरुवातीला गळतातच. पंधरा दिवस गळली.

शेवटी एक फूल डबीत घालून सियालदहच्या घाऊक बाजारात गेले. तिथे पहिल्या लोकलनं गावाकडून काकरोल घेऊन येणाऱ्या बायका बसतात. त्यातल्या एका म्हातारीनं डबी उघडली, फुलाचा देठ दोन बोटांत धरला आणि शेजारणीला दाखवला. दोघी हसल्या. फुलाखाली बारीक काटेरी गोळी असते ती मादी, ही नाहीये, हा पुरुष आहे, असं तिनं मला समजावलं. दुसऱ्या वेलाची फुलंही अशीच का, म्हणून विचारलं. मी मान डोलावली. मग दोन पुरुष घरात ठेवून तू पोराची वाट बघते आहेस होय, असं ती म्हणाली आणि सगळी रांग हसली.

मी घरी येऊन थेट अण्णांसमोर उभी राहिले. "नर-मादी वेगळी असते हे तुम्हाला माहीत होतं?"

"बांधावर जन्म गेला माझा."

"आणि तुम्ही सगळे नरच आणलेत?"

"नाही गं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन नर, एक मादी. मोठा कंद मादीचा होता."

मोठा कंद. जो मी उकरून उकरून कुजवला आणि बादलीत टाकला तो. त्या दिवशी मी ओरडले नाही. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. पैज हरल्याचं नव्हतं ते. मला ते घरात हवे होते. सकाळी उठल्यावर "अण्णा, चहा!" असं मोठ्यानं म्हणायला मला आवडायचं, आणि माझ्याच उतावीळपणानं मी ते घालवलं होतं.

रागाच्या भरात मी कात्री घेऊन वेल कापायला गेले. अण्णांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "राहू दे. वास चांगला येतो. देवाला एखादं फूल होतं." मग रोज संध्याकाळी ते एक-दोन फुलं तोडायचे, वाटीत ठेवायचे आणि बाबूकडे चहाला जायचे. मी वेलांना पाणी घालत राहिले. बेताचं, बोटानं माती पाहून. आता काही मिळणार नव्हतं तेव्हा मला जमायला लागलं होतं.

नवऱ्यानं जड मनानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं हावड्याहून तिकीट काढलं. अण्णांनी ते पाहिलं आणि पाकिटात ठेवलं. मी त्यांची बॅग भरायला घेतली. इकडे गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेचा मांडव उभा राहिला, ढोल बडवणारे ढाकवाले आले. सगळा बेहाला नवे कपडे घालून रस्त्यावर, आणि मी आमच्या घरात लोकरी टोप्या मोजत बसलेली.

षष्ठीच्या सकाळी दारावर सेक्रेटरीबाबू. चेहरा गंभीर.

"बौदी, एकबार ऊपर आइए. छत पर गांजा पकड़ा गया है."

मला वाटलं, आता हे काय नवीन! पदर खोचून मी तीन जिने चढले. भांडणाची सगळी वाक्यं तयार होती. गच्चीचं दार उघडं होतं. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला लागून रंगाचा एक जुना डबा, त्याच्याखाली जाडजूड परात, म्हणजे थेंबही छतावर सांडायला नको. डब्यातून वेल निघून कपड्यांच्या तारेवर चढलेला. आणि पानांआड, काटेरी, हिरवीगार, एक, दोन, तीन... नऊ करटोली. शेजारी स्टुलावर अण्णा बसलेले. मांडीवर वाटी आणि वाटीत आमच्या घरातली पिवळी फुलं.

सेक्रेटरीबाबूंनीच सगळं सांगितलं. अण्णांनी कचऱ्याच्या बादलीतून तो कंद काढला होता. कुजका भाग कापून, राख लावून, वाळूनं भरलेल्या बिस्किटाच्या डब्यात घालून कॉटखाली ठेवला होता. ओळख झाल्यावर त्यांनी हातवारे करून गच्चीची किल्ली मागितली. ठरावाचं काय, म्हणून सेक्रेटरीबाबू आठ दिवस आढेवेढे घेत होते, मग परात त्यांनीच आणून दिली. आणि मादीला फुलं आल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी नराचं फूल घेऊन वर येतात आणि तिच्या फुलावर हलकेच टेकवतात. चहा? चहा त्यांनी एकदाही घेतला नाही.

"पैज मी हरलेच," मी अण्णांना म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पैज घरातल्या वेलाची होती. गच्ची म्हणजे घर नव्हे."

"फुलं घरातली होती," अण्णा म्हणाले. "नराशिवाय करटोली धरतात का? अर्धी तुझीच आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू पाणी घालून परत कुजवला असतास."

सेक्रेटरीबाबूंना शब्द कळले नसतील, पण ते हसले. मी हसले नाही. "पण तुम्हाला तर जायचं होतं," मी म्हटलं.

अण्णांनी वाटी खाली ठेवली. "त्या दिवशी अंगणात पडलो ना, तेव्हा हाका मारल्या. मग थांबलो. ऐकायलाच कोणी नव्हतं. इथं मी कप जागेवर ठेवला नाही तरी तू घर डोक्यावर घेतेस. बरं वाटतं गं."

मग मात्र मला आवाज फुटला. एवढे तीन जिने रोज चढता? दुखरा गुडघा घेऊन? अंधार पडत असताना? आणि धरायला कोण होतं, हे बाबू? पडला असतात तर? सेक्रेटरीबाबू दोन पावलं मागे सरले. समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकीत आल्या. अण्णा स्टुलावरून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी हसत खाली उतरले.

नऊ करटोली आणि चार ताटं, कारण सेक्रेटरीबाबूंना बोलावणं भागच होतं. मी त्यांच्या पातळ चकत्या करून कांद्यावर परतल्या. नवऱ्यानं जेवायला बसण्याआधी तिकीट रद्द केलं आणि फोन सगळ्यांना फिरवून दाखवला, पंच होता ना शेवटी. सेक्रेटरीबाबूंनी पहिला घास घेतला, भिवया उंचावल्या आणि हे काकरोल नव्हे, असं कबूल केलं. माझं सगळं लक्ष अण्णांच्या ताटाकडे. त्यांनी भाजी सावकाश संपवली, भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं आणि माझ्याकडे तिरकं पाहिलं.

"सगळं छान. मीठ जरा कमी पडलंय गं, सूनबाई."

मीठ अगदी बरोबर होतं. ते का म्हणाले हे मला कळत होतं. मी डाव खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि बाराही बिऱ्हाडांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांच्यावर ओरडले.